यहोवा, याहवे, याहू : एका नावाचं वय किती?

नेतान्याहू हे आडनाव बातम्यांत रोज कानावर पडतं. 'हालेलुया' हा शब्द चर्चची पायरी कधी न चढलेल्यालाही ठाऊक असतो. अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणी ज्यू, घरात मलिद्याचं ताट मांडतात ते एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने. आणि बायबलच्या जुन्या करारात भेटतो तो यहोवा. या सगळ्यांत एकच नाव आहे. नेतान्याहू म्हणजे याहूने दिलेला, एलियाहू म्हणजे याहू हाच माझा देव, हालेलुया म्हणजे याहची स्तुती करा.

ज्यूंच्या देवाचं हे विशेषनाम. हिब्रूत ते चार अक्षरांत लिहितात : योद, हे, वाव, हे. आपल्या लिपीत य-ह-व-ह. हिब्रू बायबलमध्ये ते ६,८०० हून जास्त वेळा येतं. 'एल' आणि 'एलोहीम' हे शब्दही तिथे आहेत, पण ते 'देव' अशा अर्थाचे सर्वसाधारण शब्द. दुसऱ्यांच्या देवांनाही ते लागतात. य-ह-व-ह मात्र फक्त याच देवाचं.

हे नाव किती जुनं, असं विचारलं की कोणी सांगतं सृष्टीच्या आरंभापासूनचं, कोणी सांगतं मोशेच्या काळापासूनचं, आणि कोणी इजिप्तमधल्या कुठल्याशा खांबाचा फोटो पुढे करतं. खरं तर इथे तीन प्रश्न एकात गुंतलेत. ही अक्षरं कधीपासून सापडतात, ती देवाचं नाव म्हणून कधीपासून सापडतात, आणि आपण करतो तो उच्चार कधीचा. तिन्हींची उत्तरं वेगळी, आणि त्यांत शतकांचं अंतर आहे. उच्चाराचं आधी उरकून घेऊ, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच आहे.

जुन्या हिब्रूत व्यंजनंच लिहीत. मराठीत काना, मात्रा, वेलांटी काढून टाकली तर 'कमल', 'कमाल', 'कोमल', 'कामिल' हे चारही शब्द कागदावर सारखेच दिसतील. तरी वाचणारा अडणार नाही, कारण ते शब्द त्याच्या तोंडात बसलेले आहेत. पण एखादा शब्द बोलणंच बंद झालं तर? य-ह-व-हचं तसंच झालं.

इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत हे नाव उच्चारायचं नाही, अशी रीत ज्यूंमध्ये रुळत गेली. दहा आज्ञांमध्ये देवाचं नाव व्यर्थ घेऊ नकोस अशी आज्ञा होतीच. लेवीय या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात नावाची निंदा करणाऱ्याला मृत्युदंड सांगितला आहे. त्याचं जुनं ग्रीक भाषांतर पाहिलं तर दंड नाव नुसतं 'घेणाऱ्याला' झालेला दिसतो. दोन ओळींतल्या या फरकात त्या काळातल्या लोकांची धास्ती कळते. मग पोथी वाचताना ती चार अक्षरं आली की 'अदोनाय' म्हणजे 'माझे प्रभू' असं म्हणायचं, आणि एरवी बोलताना 'हाशेम', म्हणजे 'ते नाव'.

यरुशलेमच्या मंदिरात मात्र नाव घेतलं जाई. याजक आशीर्वाद देताना ते घेत, आणि योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक घेई. ते कानावर पडताच अंगणातले लोक जमिनीवर पालथे होत, असं मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथात लिहिलं आहे. मिश्नावरच्या चर्चांच्या तल्मूद या ग्रंथात रब्बी तारफोनची एक आठवण आहे. ते मामाच्या पाठोपाठ याजकांच्या चौथऱ्यावर चढले होते. मुख्य याजकाकडे त्यांनी कान लावला, आणि ऐकलं ते असं की भोवतीच्या याजकांच्या सुरात त्याने नाव गिळून टाकलं. म्हणजे जिथे उच्चारायची मुभा होती तिथेही शेवटी शेवटी ते स्पष्ट ऐकू येईनासं झालं होतं. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि ती जागाही गेली. त्यानंतर पंडित आपल्या शिष्यांना सात वर्षांतून एकदा हे नाव सांगत, असं तल्मूद म्हणतं.

लेखनिकांनी काढलेल्या वाटा पाहण्यासारख्या आहेत. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांत काही ठिकाणी बाकीचा मजकूर त्या काळच्या लिपीत आणि एवढं नाव मात्र कितीतरी जुन्या हिब्रू लिपीत लिहिलेलं आहे. एका गुंडाळीत नावाच्या जागी चार ठिपके आहेत. ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींत मूळ हिब्रू अक्षरंच ठेवली होती; हिब्रू न येणारे ग्रीक वाचक ती आपली ग्रीक अक्षरं समजून डावीकडून उजवीकडे वाचत आणि 'पिपी' म्हणत. संत जेरोमने चौथ्या शतकात ही गंमत नोंदवून ठेवली आहे.

'यहोवा' आला तो याच्याही पुढे. सातव्या ते दहाव्या शतकांदरम्यान गालील सरोवराकाठच्या तिबेरियस गावात मासोरा परंपरेच्या पंडितांनी हिब्रू बायबलला स्वरचिन्हं लावली. नावाची चार अक्षरं त्यांनी बदलली नाहीत, पण वाचणाऱ्याने 'अदोनाय' म्हणावं याची खूण म्हणून तिथे त्या दुसऱ्या शब्दाचे स्वर दिले. ज्यू वाचकाला ते कळत होतं. ख्रिस्ती विद्वानांनी मात्र दिसेल तसं वाचलं, एका शब्दाची व्यंजनं आणि दुसऱ्याचे स्वर मिळून 'येहोवा' झाला. तेराव्या शतकात स्पेनमधल्या रेमंड मार्टिनी या डॉमिनिकन साधूच्या लॅटिन ग्रंथात हे रूप दिसतं. १५३० मध्ये विल्यम टिंडेलच्या इंग्रजी भाषांतरात ते शिरलं आणि मिशनऱ्यांबरोबर जगभर गेलं.

अभ्यासक आज 'याहवे' म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या विल्हेल्म गेसेनियस या जर्मन पंडितामुळे हे रूप रूढ झालं. त्याला आधार आहेत. माणसांच्या नावांतून 'याह' आणि 'याहू' जिवंत राहिलेले आहेत, म्हणून पहिला अवयव पक्का. पाचव्या शतकातला ख्रिस्ती बिशप थिओडोरेट लिहितो की शोमरोनी, म्हणजे समॅरिटन, लोक हे नाव 'इआबे' असं उच्चारतात. ग्रीकमध्ये तेव्हा 'ब'चा उच्चार 'व'कडे झुकलेला होता आणि 'ह' लिहायला अक्षर नव्हतं, हे धरलं की 'याहवे' जवळ येतं. जवळच, मूळ आवाज हाच, असं छातीठोक कोणी सांगू नये. आणि 'यहोवा' म्हणणाऱ्याला अडाणी ठरवण्यातही काही अर्थ नाही. शेकडो वर्षं लोकांनी त्या शब्दाने प्रार्थना केली आहे. कॅथलिक चर्चने तर २००८ मध्ये उपासनेत 'याहवे'ही म्हणू नये, 'प्रभू' म्हणावं असं कळवलं. म्हणजे फिरून अदोनाय.

कोकणातल्या बेने इस्रायलींकडे हिब्रू पोथ्या नव्हत्या तेव्हाही 'शमा' ही प्रार्थना टिकून होती, असं त्यांची परंपरा सांगते. 'शमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद.' या ओळीत दोनदा 'अदोनाय' येतं, आणि पोथीत त्या दोन्ही ठिकाणी ती चार अक्षरं आहेत. प्रार्थनेत नाव झाकायचं, पण एलियाहूला हाक मारताना त्याचा तुकडा मोकळेपणी तोंडात येतो. उच्चाराचा माग काढायला अभ्यासकांना अशी माणसांची नावंच सर्वांत उपयोगी पडली.

आता वयाकडे.

१८६८ साली फ्रेडरिक क्लाइन नावाच्या मिशनऱ्याला मृत समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्डनमधल्या धीबानच्या अवशेषांत, बेदुइनांनी काळ्या बसाल्टची एक कोरीव शिळा दाखवली. मीटरभरापेक्षा थोडी उंच, वरून गोलाकार, चौतीस ओळी. बातमी यरुशलेमला पोचली आणि जर्मन आणि फ्रेंच तिच्या मागे लागले. फ्रेंच वकिलातीतल्या शार्ल क्लेरमाँ-गानो या तरुणाने याकूब कारावाका नावाच्या माणसाला ठसा घ्यायला पाठवलं. ओला कागद दगडावर दाबून बसवायचा, वाळला की अक्षरं उठून येतात. कागद ओला असतानाच तिथल्या लोकांत भांडण जुंपलं. कारावाकाच्या पायाला भाला लागला. त्याच्या सोबत्याने ओला कागद टरकावून सोडवला, फाटलेले तुकडे अंगरख्यात कोंबले आणि घोड्यावरून पळ काढला. पुढे ऑटोमन अधिकाऱ्यांचा दबाव वाढला तेव्हा बेदुइनांनी शिळा विस्तवावर तापवली, वर गार पाणी ओतलं आणि फोडली. तुकडे घराघरांत वाटून घेतले. नंतर त्यांतले बरेचसे विकत मिळवले गेले आणि उरलेला मजकूर त्या फाटक्या ठशावरून भरून काढला. शिळा आज पॅरिसच्या लुव्रमध्ये आहे. जुना दगड आणि नवी भर यांच्या रंगात फरक सहज दिसतो.

शिळेवर बोलतो तो मृत समुद्राच्या पूर्वेकडच्या मवाब देशाचा राजा मेशा, इस्राएलचा शत्रू. तो म्हणतो, इस्राएलचा राजा ओम्री याने मवाबला बरीच वर्षं छळलं, कारण आमचा देव कमोश आपल्या देशावर रागावला होता. आता कमोशच्या कृपेने मी उलटलो. नबो हे गाव मी रातोरात चालून जाऊन घेतलं, सात हजार माणसं मारली, आणि तिथून यहवहची पात्रं उचलून कमोशपुढे ओढत नेली. 'पात्रं' या शब्दाच्या जागी दगड थोडा झिजलेला आहे. पुढची चार अक्षरं स्वच्छ आहेत.

काळ इसवी सनपूर्व ८४० च्या आसपासचा. हे देवाचं नाव आहे, इस्राएलच्या देवाचं आहे आणि चार अक्षरांत पूर्ण आहे, या तिन्ही गोष्टी जिथे वादाशिवाय मान्य आहेत असा हा सर्वांत जुना पुरावा. तो भक्ताचा नाही, देऊळ लुटणाऱ्याचा आहे, आणि म्हणूनच वजनदार आहे. भक्त आपल्या देवाला जुना ठरवायचा प्रयत्न करतो. मेशाला तशी गरज नव्हती. त्याला फक्त बढाई मारायची होती. शेजारच्या राजाला तुमच्या देवाचं नाव बिनचूक लिहिता येतं आणि त्याच्या देवळातली लूट ही मिरवण्याजोगी गोष्ट वाटते, तेव्हा तो देव त्या मुलखात चांगलाच रुजलेला असणार. इस्राएलच्या राजघराण्यातली नावंही तेच सांगतात. ओम्रीचा मुलगा अहाब याच्या मुलांची नावं अहज्याहू आणि यहोराम. त्यांची गादी बळकावणारा येहू, ज्याचं नाव असिरियाच्या शल्मनेसर तिसऱ्याच्या काळ्या स्तंभावर कोरलेलं आहे. तिघांच्याही नावात तोच देव.

यानंतर पुरावे भराभर मिळतात. सिनाईच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद नावाचं एक ठाणं आहे. तिथे १९७५-७६ मध्ये झएव्ह मेशेल यांना दोन मोठे रांजण सापडले, इसवी सनपूर्व ८०० च्या सुमाराचे, चित्रांनी आणि लिखाणाने भरलेले. त्यांवर आशीर्वाद आहेत : 'शोमरोनचा यहवह आणि त्याची अशेरा', 'तेमानचा यहवह आणि त्याची अशेरा'. शोमरोन उत्तरेची राजधानी, तेमान दक्षिणेचा मुलूख; एकाच देवाची गावागणिक ओळख. अशेरा ही कनानची, म्हणजे इस्राएल जिथे वसलं त्या मुलखाची, जुनी देवी. इथे देवी अभिप्रेत आहे की तिचं प्रतीक असलेला लाकडी खांब, यावर वाद चालू आहे. पण हेब्रोनजवळच्या खिर्बेत अल-कोम इथल्या थडग्यातही हीच जोडी येते, त्यामुळे एखाद्या वाटसरूचा तो लहरीपणा होता असं म्हणून सुटका नाही. बायबलमधले संदेष्टे अशेरेवर एवढे का चिडतात, ते हे रांजण पाहिल्यावर कळतं.

यरुशलेममधल्या केतेफ हिन्नोमच्या थडग्यांत १९७९ मध्ये गॅब्रिएल बारकाय यांना चांदीच्या पत्र्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या, गळ्यात ताईत म्हणून घालायच्या. त्या न तुटता उलगडायलाच काही वर्षं गेली. आत गणना या पुस्तकातल्या याजकीय आशीर्वादाच्या ओळी निघाल्या, नावासकट. इसवी सनपूर्व सातव्या शतकाचा शेवट किंवा सहाव्याचा आरंभ. लाखीशच्या किल्ल्यावरच्या खापरांवरची पत्रं साधारण त्याच काळातली. तिथले शिपाई वरिष्ठाला लिहिताना सुरुवातच 'यहवह माझ्या स्वामीला खुशालीची वार्ता ऐकवो' अशी करतात. तेव्हा हे नाव असं रोजच्या पत्राच्या मायन्यात होतं, याचं मला सर्वांत जास्त नवल वाटतं. इजिप्तमध्ये आस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर पर्शियन साम्राज्याच्या चाकरीत ज्यू सैनिकांची वस्ती होती, आणि तिथे याहूचं मंदिर होतं. इसवी सनपूर्व ४१० मध्ये खनूम देवाच्या पुजाऱ्यांनी स्थानिक अधिकाऱ्याला हाताशी धरून ते पाडलं. मंदिर पुन्हा बांधू द्यावं म्हणून वस्तीने तीन वर्षांनी यहूदियाच्या सुभेदाराला केलेला अर्ज पपायरसवर शिल्लक आहे. त्यात नाव तीनच अक्षरांत आहे, य-ह-व.

आता मेशाच्या मागे जाऊ. तिथे एकदम पाचशे वर्षांची उडी घ्यावी लागते.

आजच्या सुदानमध्ये, नाईलच्या काठी सोलेब इथे, इजिप्तचा राजा अमेनहोतेप तिसरा याने इसवी सनपूर्व चौदाव्या शतकात एक भव्य मंदिर बांधलं. १९५७ पासून मिकेला स्किफ जोर्जिनी यांनी तिथे उत्खनन केलं. सभामंडपाच्या खांबांच्या तळाशी ओळीने कैदी कोरलेले आहेत. हात मागे बांधलेले, आणि धडाच्या जागी लंबगोल चौकट. चौकटीत जिंकलेल्या, किंवा जिंकल्या म्हणून सांगितलेल्या, मुलखाचं नाव. त्यांतल्या एका चौकटीतला मजकूर असा : 'ता शासू यहवा'. यहवाच्या शासूंचा देश. शासू म्हणजे इजिप्शियन लोकांना ठाऊक असलेले गुरंढोरं राखणारे भटके. शंभरेक वर्षांनी रामसेस दुसऱ्याने अमारा वेस्टच्या मंदिरात अशीच यादी कोरवली, तिथेही हे नाव आहे.

इंटरनेटवर फिरणारा खांबाचा फोटो तो हाच. त्यावरून 'देवाचं नाव साडेतीन हजार वर्षं जुनं' असं सरळ म्हणता येत नाही, कारण त्या चौकटीत मुलखाचं नाव आहे, देवाचं म्हणून काही लिहिलेलं नाही. एक शक्यता अशी की मुलूख देवाच्या नावावरून ओळखला जात होता. असिरियात अश्शूर हे शहर आणि अश्शूर हा देव एकाच नावाचे होते. दुसरी शक्यता उलटी : देवाला त्याच्या डोंगराचं नाव मिळालं. तिसरी अशी की दोन्हींचा संबंधच नाही, ध्वनी जुळतो एवढंच. हा मुलूख कुठे होता यावरही एकमत नाही. अमाराच्या यादीत बायबलमधल्या 'सेईर' या दक्षिणेच्या डोंगराळ मुलखासारखं दिसणारं एक नाव आहे, म्हणून बरेच जण तो मृत समुद्राच्या दक्षिणेला मानतात. काहींना तो सीरियाकडचा वाटतो. व्यंजनांचा मेळ चांगला बसतो आणि दक्षिणेकडचा अंदाज बायबलशी जुळतो, म्हणून योगायोगावर सोडून देणं मला पटत नाही. पण हा जोरदार अंदाज झाला. मेशाच्या शिळेच्या शेजारी त्याला बसवता येणार नाही.

या पाचशे वर्षांच्या मधोमध एक टप्पा आहे. १८९६ मध्ये फ्लिंडर्स पेट्री यांना थीब्ज इथे फारो मेर्नेप्ताहची शिळा सापडली, इसवी सनपूर्व १२०८ च्या सुमाराची. 'इस्राएल' हे नाव तिथे पहिल्यांदा निर्विवाद दिसतं. आता त्या नावाकडेच पाहा. त्याचा शेवट 'एल'ने होतो, 'याह'ने नाही. म्हणजे या लोकांनी आपलं नाव घेतलं तेव्हा देवाचं नाव एल होतं. एल हा कनानी देवमंडळाचा म्हातारा प्रमुख. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांत तो जागोजागी आहे. कनानातल्या जुन्या गावांच्या नावांत एल, बाल, अनात, सूर्य, सगळे सापडतात. याहवेच्या नावाचं गाव शोधून सापडत नाही म्हटलं तरी चालेल. बाकीचे देव तिथे आधीपासून नांदत होते आणि याहवे बाहेरून आला, असं यावरून बहुतेक अभ्यासक मानतात.

विशेष म्हणजे बायबलमध्येही याचे माग आहेत. 'नाव कधीपासून' या प्रश्नाला बायबल एक उत्तर देत नाही. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात आदामाचा नातू अनोश याच्या काळीच लोक या नावाने देवाला हाक मारू लागतात. निर्गमच्या तिसऱ्या अध्यायात मोशे होरेब डोंगराजवळच्या जळत्या झुडपापाशी नाव विचारतो आणि त्याला ते सांगितलं जातं. सहाव्या अध्यायात तर देव स्पष्टच म्हणतो की अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांना मी एल शद्दाई म्हणून दिसलो, या नावाने त्यांना माझी ओळख नव्हती. फ्रान्सच्या राजाचा वैद्य झाँ आस्त्रुक याने १७५३ मध्ये ही विसंगती पकडली. उत्पत्तीचं पुस्तक त्याने देवाच्या नावानुसार वेगवेगळ्या रकान्यांत मांडून पाहिलं, तर दोन स्वतंत्र कथा आपोआप सुट्या झाल्या. बायबल अनेक जुन्या लिखाणांतून विणलेलं आहे या आधुनिक अभ्यासाची सुरुवात तिथून धरतात. म्हणजे या नावाच्या वयाच्या प्रश्नातूनच बायबलच्या अभ्यासाची एक अख्खी शाखा निघाली.

व्यक्तिनामंही सहाव्या अध्यायाच्या बाजूने उभी राहतात. उत्पत्तीच्या कथांत इश्माएल आहे, इस्राएल आहे, पण याहवेचं नाव पोटात घेतलेलं माणूस नाही. पहिली येते ती मोशेची आई योखेबेद; 'यो' हे याहूचंच आखूड रूप. मग होशेय नावाच्या तरुणाचं नाव मोशे मुद्दाम बदलून यहोशवा ठेवतो. शौल आणि दावीद या सुरुवातीच्या राजांच्या काळात योनाथान, अदोनीया अशी नावं राजघराण्यांत शिरतात. आणि त्याच शौलाच्या दुसऱ्या मुलाचं नाव एश्बाल! एका घरात दोन देवांची नावं, आणि घरच्यांना त्यात काही खटकलेलं दिसत नाही.

बाहेरून आला तर कुठून? बायबलमधल्या काही गाण्यांची भाषा फार जुनी मानतात, आणि ती एकाच दिशेला बोट दाखवतात. शास्ते या पुस्तकातल्या दबोराच्या गीतात याहवे सेईरहून, अदोमच्या रानातून निघतो. अनुवाद या पुस्तकाच्या तेहतिसाव्या अध्यायात तो सीनाय, सेईर आणि पारानहून येतो. हबक्कूकमध्ये तेमानहून. सगळी नावं दक्षिणेची, वाळवंटाची. कनानातला डोंगर एकही नाही. मोशेचा सासरा इथ्रो त्याच बाजूचा, मिद्यानचा याजक. जळतं झुडूप मोशेला दिसतं तेही त्याची मेंढरं चारताना. आणि इस्राएलांची इजिप्तमधून सुटका झाल्यावर याहवेला यज्ञ करतो तो इथ्रो, भोजनाला मात्र मोशेचा भाऊ हारून आणि वडीलधारे येतात. यावरून एकोणिसाव्या शतकात मिद्यानी-केनी सिद्धान्त निघाला : याहवे मुळात मिद्यानी, केनी अशा दक्षिणेकडच्या टोळ्यांचा देव, त्यांच्याकडून तो इस्राएलांकडे गेला.

या बाजूने पुढे केली जाणारी एक वस्तू १९६९ मध्ये मिळाली. लाल समुद्राच्या टोकाजवळ तिम्नाच्या तांब्याच्या खाणी आहेत. तिथे हाथोर देवीचं छोटं इजिप्शियन देऊळ होतं. इजिप्शियन गेल्यावर, इसवी सनपूर्व बाराव्या शतकात, स्थानिकांनी त्याच जागी तंबूसारखं देऊळ उभारलं असावं, असं उत्खनन करणाऱ्या बेनो रोथेनबर्ग यांनी मांडलं. लाल-पिवळ्या कापडाचे अवशेष तिथे होते. आणि गाभाऱ्यात तांब्याचा वीतभरही नसलेला साप, डोक्याला सोन्याचा मुलामा दिलेला. गणनाच्या एकविसाव्या अध्यायात मोशे तांब्याचा साप करून खांबावर लावतो, हे आठवून अनेकांच्या अंगावर काटा आला. पण सापावर नाव कोरलेलं नाही. मिद्यानी लोक कोणाला पुजत, हे त्यांच्याच अक्षरांत अजून मिळालेलं नाही.

अर्थाबद्दल थोडक्यात. निर्गममध्ये देव 'एह्ये अशेर एह्ये' म्हणतो, 'मी जो आहे तो आहे' किंवा 'मी जो असेन तो असेन', आणि नाव 'असणे' या धातूशी जोडलं जातं. काही अभ्यासक 'अस्तित्वात आणणारा' असा प्रयोजक अर्थ लावतात. काही अरबीतल्या 'वारा वाहणे' अशा अर्थाच्या धातूकडे वळून वादळाचा देव म्हणतात, आणि त्या जुन्या गाण्यांत तो ढग आणि भूकंप घेऊनच येतो. नाव जुनं आणि अर्थ मागाहून लावलेला, असं जगभरच्या देवनामांत होतं. इथेही झालं असण्याची शक्यता जास्त.

मेशाच्या मागचा पक्का पुरावा मिळाला अशी आवई अधूनमधून उठते. १९०२ मध्ये बर्लिनला खुद्द कैसरसमोर फ्रेडरिक डेलिच यांनी जाहीर केलं की बाबिलोनच्या हम्मुराबीच्या काळातल्या पाट्यांवर याहवेचं नाव आहे. युरोपभर गदारोळ झाला. नंतर ठरलं की त्यांतलं 'यउम' म्हणजे अक्कादी भाषेत 'माझा', आणि ते माणसाचं साधं नाव आहे. १९७० च्या दशकात सीरियात एब्ला इथे हजारो पाट्या मिळाल्या, चार हजारांहून जास्त वर्षं जुन्या. त्या वाचणारे जोव्हान्नी पेत्तिनातो म्हणाले की तिथल्या नावांच्या शेवटी 'या' आहे, तोच हा देव. तेही टिकलं नाही. नाव लाडाने छोटं करताना लागणारा तो प्रत्यय असावा, असं इतरांनी दाखवलं.

ताजा दावा वेस्ट बँकमधल्या एबाल डोंगराचा. तिथे १९८० च्या दशकात झालेल्या उत्खननाच्या टाकाऊ मातीचा ढीग २०१९ मध्ये पाण्याने चाळला, तेव्हा घडी घातलेला शिशाचा दोनेक सेंटिमीटरचा पत्रा निघाला. तो उघडायला गेलं तर तुटेल, म्हणून आतून स्कॅन केला. २०२२ मध्ये पत्रकार परिषद झाली : आत शाप लिहिला आहे, य-ह-व हे नाव त्यात आहे, आणि काळ इसवी सनपूर्व तेराव्या शतकाच्या आसपासचा. शोधनिबंध आला २०२३ मध्ये. स्कॅनच्या चित्रांत अक्षरं दिसतच नाहीत, शिशावरचे ओरखडे आणि खळगे दिसतात, असं लिपीच्या जाणकारांनी लिहिलं. एकाने तर हे मासेमारीच्या जाळ्याचं वजन असावं असं सुचवलं. शिवाय पत्रा मातीच्या ढिगातून आला, थरातून नाही, त्यामुळे काळ ठरवायलाही आधार लंगडा. दावा करणाऱ्यांनी माघार घेतलेली नाही, पण त्यांच्याबाहेरच्या जाणकारांत हे वाचन मान्य झालेलं नाही. पाठ्यपुस्तकांत पहिला निर्विवाद उल्लेख म्हणून अजून मेशाच आहे.